भरली गाडी, रिकामी गाडी

तात्या कुठलाही प्रश्न दोनदा विचारत. एकदा सरळ आणि एकदा उलटा.

स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आला की ते मालकाला विचारत, "साखर घातलीय?" तो म्हणे, "घातलीय." मग जरा थांबून तात्या विचारत, "साखर न्हाई ना घातलेली?" मालक म्हणे, "आवं तात्या, घातलीय म्हणलं की!" तेव्हा कुठे ते कप तोंडाला लावत. नव्या माणसाला वाटे, यांना ऐकू कमी येतं. जुनी माणसं दोन्ही उत्तरं एकदमच देऊन टाकत. औषधाचा दुकानदार तर त्यांना पायरी चढताना बघूनच सांगायचा, "गोळ्या आल्यात, आणि आल्या न्हाईत असं न्हाई."

पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "पोरगा पसंत हाय?" तिनं खाली बघून मान हलवली. "पोरगा नापसंत हाय?" तिनं तशीच मान हलवली. मुलाकडच्यांनी पोहे तसेच ठेवले. त्या मुलीचं लग्न पुढे दुसऱ्या मुलाशी झालं आणि चांगलं झालं, पण त्यानंतर तात्यांना भावकीतल्या कुठल्याच बैठकीला कुणी बोलावलं नाही. जेवायला मात्र बोलावत.

ही सवय त्यांना नोकरीत लागली असं लोक सांगत. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी आली की आधी भरलेली मोजायची, मग ऊस उतरवून तीच गाडी रिकामी मोजायची. दोन्हींतला फरक तो ऊस. "नुसती भरली गाडी मोजून ऊस किती, हे ब्रह्मदेवाला बी सांगता यायचं न्हाई," तात्या म्हणत. "माणसाच्या 'व्हय'चं तसंच हाय मॅडम. एकदाच घेतलं की त्यात गाडी किती आन् ऊस किती, काय बी कळत न्हाई."

मॅडम म्हणजे मी. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचं घर माण तालुक्यातलं. वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर. घरात पदवी मिळवणारी मी पहिली. समाजकार्याचा अभ्यासक्रमही पूर्ण केला होता, पण नोकरी कुठे मिळते ते मला किंवा घरात कुणालाच माहीत नव्हतं. तात्यांनी निवृत्तीनंतर इस्लामपूरच्या बाहेर एक केंद्र काढलं होतं. वयानं मोठी, पण समज लहान मुलासारखी राहिलेली माणसं तिथे येत. अशा मुलांना शाळा असतात, पण शाळेचं वय उलटलं की त्यांना जायला जागा नसते. तात्यांच्याकडे अठराजण सकाळी दहाला गाडीतून येत, वाती वळत, शेंगा फोडत, जेवत आणि चारला घरी जात. नऊ बायका तिथेच मागच्या खोल्यांत राहत. इमारत पूर्वी खताचं गोदाम होती. पावसाळ्यात भिंतींना अजून युरियाचा वास यायचा.

माझी मुलाखत दोन प्रश्नांत संपली.

"तुमाला ह्ये काम करायचंय?"

"हो सर."

"ह्ये काम करायचं न्हाई?"

मला वाटलं, आपला होकार जरा कमी पडला असावा. म्हणून मी जास्त ठामपणे म्हणाले, "हो सर!"

तात्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुमी आमच्या लोकांच्यात बसाल," ते म्हणाले, आणि मला कामावर घेतलं. मी ती शाबासकी समजून घरी फोन केला.

त्याचा अर्थ मला पहिल्या आठवड्यातच कळला. केंद्रातली बरीच माणसं कुठल्याही प्रश्नाला होच म्हणत. भूक लागली? हो. पोट भरलं? हो. ऊन लागतं? हो. थंडी वाजते? हो. लहानपणापासून त्यांच्या लक्षात आलेलं होतं की हो म्हटलं की समोरचा खूश होतो आणि निघून जातो. माझ्या अभ्यासक्रमात यावर अर्धं पान होतं, ते मी पाठ केलं होतं. तात्यांनी ते पान वाचलेलं नव्हतं.

त्यांना ते कसं कळलं, ते मला हौसामावशींनी सांगितलं. हौसामावशी म्हणजे स्वयंपाक, अंघोळी, धुणं, दटावणं हे सगळं एकटीनं सांभाळणारी बाई. जतकडची, उंच, आवाज माळावरचा. तात्यांचा धाकटा भाऊ केंद्रातल्या माणसांसारखाच होता. आईवडील गेल्यावर त्याला लांबच्या एका संस्थेत ठेवायचं घरात ठरलं. तात्यांनी त्याला विचारलं, "जायचं का रं?" तो म्हणाला, "व्हय." नेऊन सोडला.

"मग चार म्हैन्यानं भेटाय गेलं," मावशी म्हणाल्या. "तितली मान्सं म्हणली, तुमचा भाऊ लय गुणाचा, कशालाच न्हाई म्हणत न्हाई. ह्यांच्या हातातली बिस्किटं तिथंच पडली बघ. दुसऱ्या दिशी घिऊन आलं घरी. आसंल तवर घरातच ऱ्हायला त्यो. आन् ह्ये याड तवापास्नं हाय. काट्याचं काय बी नाव सांगत्यात."

मी तात्यांना याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन्ही बाजूंनी विचारावं लागलं असतं.

केंद्रात तात्या सगळ्यांना अहो-जाहो करत. पंचविशीच्या पोरालाही "महादेवराव, जरा सरकता का?" आणि उत्तराची वाट बघत. महादेवरावांना उत्तर द्यायला कधीकधी पाच मिनिटं लागत. तेवढी पाच मिनिटं तात्या हातात झाडू घेऊन उभे राहत. मावशींच्या मते या वेळात आख्खं गोदाम झाडून झालं असतं.

एकदा जिल्ह्यावरून एक अधिकारी तपासणीला आले. भले गृहस्थ होते. शेंगा फोडणाऱ्यांच्यात मांडी घालून बसले आणि मोठ्यानं विचारलं, "काय मंडळी, जेवण चांगलं मिळतं ना?"

"होऽऽ!"

साहेब खूश झाले. कागदावर काहीतरी लिहायला लागले. तात्या पलीकडून म्हणाले, "साहेब, एक मिनिट." मग मंडळींकडे वळून तितक्याच मोठ्यानं विचारलं, "काय मंडळी, जेवण वाईट मिळतं ना?"

"होऽऽ!"

"मावशी मारत्यात ना?"

"होऽऽ!" यात मावशींची सगळ्यात लाडकी सुमन सर्वांत पुढे होती.

हौसामावशी परात घेऊन बाहेर आल्या. "तात्या, मी हितनं चालले बघा!" साहेबांनी पेन बंद केलं. असं लिहायचं कुठे, हे त्यांना कळेना. तात्यांनी त्यांना सांगितलं, "साहेब, तुमी त्यांच्या ताटात बघा. काय ऱ्हातंय, काय संपतंय. तोंडाकडं बघू नका." साहेब जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले आणि सत्तावीस ताटं बघून गेले. अहवालात त्यांनी दोडक्याबद्दल प्रतिकूल शेरा मारला. त्यानंतर आमच्याकडे दोडका बंद झाला.

शालनचं प्रकरण याच्या पुढच्या हिवाळ्यातलं.

शालन पाटणकडची, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावची. वय चौतीस. सहा वर्षांपूर्वी तिच्या आईनं तिला आमच्याकडे आणून ठेवलं होतं, कारण आईचे गुडघे गेले होते आणि भाऊ फौजेत होता. मग आई वारली. भाऊ निवृत्त होऊन गावी आला, त्यानं घर बांधलं, आणि एका सकाळी जीप घेऊन बहिणीला न्यायला आला. ताठ चालणारा, मिशीचा, साधा माणूस.

"सतरा वर्षं बॉर्डरवर काढली," तो म्हणाला. "आता घर हाय, वहिनी हाय तिची, दोन म्हशी हायत्या. बहिणीला असं संस्थेत ठिवायचं म्हंजे चार मान्सं इचारत्यात. सामान पॅक करा, मी घिऊन जातो."

तात्या बँकेत गेले होते. मी फॉर्म काढला. शालनला समोर बसवून विचारलं, "शालनबाई, घरी जायचंय?"

"व्हय."

मी होकारापुढे बरोबरची खूण केली. तिचा अंगठा घेतला. शालन उठून जीपमध्ये जाऊन बसली. मला फार समाधान वाटलं. माझ्या हातून पार पडलेलं हे पहिलं पुनर्वसन होतं.

तेवढ्यात तात्या आले. फॉर्म वाचला. "रिकामी मोजली का, मॅडम?"

तात्या जीपजवळ गेले. "शालनबाई, हितंच ऱ्हायचं?"

"व्हय."

"घरी न्हाई जायचं?"

"व्हय."

"आवं तात्या," भाऊ म्हणाला, "तिला काय बी इचारलं तरी व्हयच म्हणती ती. ल्हानपणापास्नं."

"म्हणून तर," तात्या म्हणाले. त्यांनी शालनला जीपमधून उतरवलं आणि भावाला आठ दिवसांनी यायला सांगितलं. भाऊ लाल झाला. "माझी बहीण, आन् मला तारीख? तुमाला मान्सं कमी पडत्यात म्हणून धरून ठिवताय व्हय?" रिकामी जीप घेऊन तो गेला.

"ती बसली हुती की जीपमधी," मावशी तात्यांना म्हणाल्या. "तुमीच उतरवली तिला. आनि काय उत्तर पायजे?"

"मावशी, ती कचऱ्याच्या गाडीत बी बसती. मागल्या म्हैन्यात इलेक्शनच्या रिक्षात बसली हुती. बसणं म्हंजे उत्तर न्हवं."

हे खरं होतं. आम्ही तिला तेव्हा बाजारातून परत आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला बोलावलं. "मॅडम, काट्यावर काही ड्रायव्हर लय हुशार असत. भरली गाडी मोजताना केबिनमधी बसून ऱ्हायचं, आन् रिकामी मोजताना गुपचूप उतरायचं. त्यांचं वजन उसात धरलं जायचं. मला वाटतंय शालनबाईंनी हितंच ऱ्हावं. सहा वर्षं झाली, सवय लागलीय आमाला त्यांची. म्हंजे मी केबिनमधी बसलोय. मी उतरतो."

मला वाटलं, ते नेहमीसारखं बोलताहेत. पण ते खरंच उठले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. पुढचे आठ दिवस केंद्राचे प्रमुख सकाळी दहा ते चार पंक्चरच्या दुकानात असत. सही लागली की मी फाइल घेऊन रस्ता ओलांडत असे. फोन आला की मावशी फाटकातून ओरडत. एका सायकलवाल्यानं त्यांच्याकडून हवाही भरून घेतली.

"आवं, या की आत," मावशी म्हणायच्या. "ती काय तुमच्या तोंडाकडं बघून व्हय म्हणती का?"

"माझ्याच तोंडाकडं बघून म्हणती," तात्या पलीकडून ओरडत.

इकडे मी शिकलेले सगळे उपाय केले. तिच्या गावच्या घराचा आणि केंद्राचा असे दोन फोटो समोर ठेवले आणि म्हटलं, जे आवडतं ते उचला. तिनं दोन्ही उचलले, एकावर एक नीट ठेवले आणि मला परत दिले. हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्याची चित्रं दाखवली. रडका चेहरा पिवळा होता, तो तिला फार आवडला. आठव्या दिवशी माझ्या वहीत चौदा पानं भरली होती आणि शालनला कुठे राहायचंय हे मला पहिल्या दिवशीइतकंच माहीत होतं.

भाऊ आला तेव्हा तात्या रस्ता ओलांडून आले. "आमाला न्हाई कळलं," त्यांनी सरळ सांगितलं. "आता आठ दिस तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मग आमी परत न्यायला येतो."

"म्हंजे प्रोबेशन?" भाऊ म्हणाला.

"तिचं न्हवं. तुमचं."

फौजेतला असल्यामुळे असेल, पण भावाला ते पटलं.

शालनला पोचवायला मी गेले आणि दिवसभर तिथे बसले. उतारावरचं घर, पुढं ओटा, मागं गोठा. वहिनी दिवसभर ओरडत होती. "शालन! ए शालन, कुठं तडमडलीस? पाणी घाल म्हशीला. आगं, तिकडं न्हवं, हिकडं! बस आता जेवायला, का हाताला धरून बसवू?" आमच्याकडे जिला अहो-जाहोशिवाय कुणी हाक मारत नव्हतं, तिला इथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी हाकत होतं. मला रडू येत होतं. परत आल्यावर मी अकरा मुद्दे लिहून तात्यांच्या पुढे ठेवले.

त्यांनी सगळे वाचले. "ह्ये अकरा वहिनीबद्दल झालं. शालनबाईंनी काय केलं दिवसभर?"

मी आठवायला लागले. मला आठवेना. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

तात्या मला रागावले नाहीत. कागद परत दिला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. माझ्या पदवीपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला.

आठ दिवसांनी आम्ही दोघं केंद्राची गाडी घेऊन गेलो. शालन ओट्यावर बसली होती. आम्हाला बघून हसली. वहिनीनं चहा टाकला. भावानं पिशवी आणून ठेवली. कपडे घड्या घालून आत भरलेले. तो कुणाकडेच बघत नव्हता.

"शालनबाई, परत यायचं आमच्याबरोबर?"

"व्हय."

"हितंच ऱ्हायचं?"

"व्हय."

"बरं. ठरल्याप्रमाणं जाऊ या. घ्या पिशवी."

शालन पिशवी घेऊन आत गेली. आम्हाला वाटलं, वहिनीचा निरोप घेईल. चहा झाला. वहिनी तर आमच्याजवळच उभी होती. अर्धा तास गेला. भाऊ हाक मारायला लागला तेव्हा आतून फक्त "व्हय" ऐकू आलं. शेवटी वहिनी मागे गेली आणि तिथूनच ओरडली, "आवं, ही काय करतीया बघा हितं!"

आम्ही मागे गेलो. शालननं पिशवीतले सगळे कपडे बादलीत भिजवले होते. दोन साड्या, चार गाऊन, स्वेटर, टॉवेल. एकेक पिळून ती दोरीवर टाकत होती. रिकामी पिशवीसुद्धा तिनं धुतली होती. ती शेवटी लटकत होती आणि तिच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं.

"काल तर मी ह्ये धुतलं!" वहिनी म्हणाली. "घड्या घातल्या हुत्या गं, बया!"

कपडे धुणं शालन आमच्याकडे शिकली होती. पिळायला शिकायला तिला चार महिने लागले होते. ओले कपडे पिशवीत भरायचे नाहीत, हेही मावशींनीच तिच्या डोक्यात घातलं होतं.

तात्या गोठ्याच्या कठड्यावर बसले. "वाळू द्या," म्हणाले. आम्ही सगळेच तिथे बसलो. ऊन चांगलं होतं. वहिनीनं भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो. दुपारी दोनच्या सुमारास टोकाचा एक गाऊन वाळला. वाऱ्यावर हलायला लागला.

तात्या उठले. "शालनबाई, वाळले की निघायचं न्हवं?"

"व्हय," शालन म्हणाली. तिनं तो गाऊन दोरीवरून काढला, तळहातानं चाचपून पाहिला, व्यवस्थित घडी घातली आणि बादलीत बुडवला. वर येत होता म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला. आमच्याकडे बघून हसली.

भाऊ हसायला लागला आणि मध्येच थांबला. तोंड फिरवून गोठ्यात गेला. वहिनी पुढे झाली. "आगं, नुसतं पाणी काय मारतीस? साबण तरी लाव," असं खेकसून तिनं साबणाची वडी बादलीच्या काठावर ठेवली.

तात्या मला म्हणाले, "मॅडम, फॉर्म काढा."

फॉर्ममध्ये 'व्यक्तीची इच्छा' असा एक रकाना होता आणि त्यापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. तात्यांनी दोन्ही चौकोनांवर काट मारली आणि बाजूच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "लिहा. घरी ऱ्हाणार. कशावरून? वाळलेला कपडा पुन्हा भिजवला." मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. भावाला सांगितलं की दर महिन्याला एकदा येऊन बघून जाऊ. वहिनीला सांगितलं की तिला दोडका देऊ नका. एवढं बोलून ते गाडीकडे चालू लागले. जरा भरभरच चालले.

ते गाडीत बसले. मी मागे बसले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा शालन हात पुसत घराच्या कडेनं धावत आली. तात्यांनी घाईनं आपल्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवर आत सरकून जागा केली.

शालननं ते दार बाहेरून लावलं, आणि नीट लागलंय का ते ओढून पाहिलं.